सोमवारची नोंद

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी कापड रंगवण्याच्या कारखान्यात वाफेची नळी फुटली आणि बॉयलर चालवणारा माणूस जागच्या जागी गेला. शुक्रवारी सकाळी डिस्कबाई त्याच कारखान्याच्या फाटकावर पोचल्या, तेव्हा त्यांना कोणी साधं ‘या’सुद्धा म्हणालं नाही.

बिघडलेल्या सर्व्हरमधून लोकांची अडकलेली माहिती बाहेर काढायची, हे काम बाई बावीस वर्षं करत होत्या. त्यांचं खरं नाव बिलापुरतं उरलं होतं. फाटकावरच्या रखवालदाराने त्यांची बॅग टेबलावर उलटी केली, दोन्ही डिस्क, पेनड्राइव्ह काढून खणात टाकले आणि खण बंद केला.

“अहो, ही माझी हत्यारं आहेत.”

“बाहेरची डिस्क आत न्यायची नाही. साहेबांचा हुकूम आहे.”

साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. त्यांनी मान वर न करताच बोलायला सुरुवात केली.

“सर्व्हर कालपासून एकच रडगाणं गातोय, डिस्कवर जागा शिल्लक नाही. काही सेव्ह होत नाही, निम्मी यंत्रं अडकून पडलीत. तुमची कामं दोन. एक, ही एरर घालवायची. दोन, यावर सही करायची.”

त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. ‘तपासणीत असे आढळले की, शनिवारपासून डिस्क पूर्ण भरलेली असल्यामुळे सोमवारच्या अपघाताची नोंद झालीच नाही.’ खाली सहीपुरती जागा सोडली होती.

“मी अजून सर्व्हरचं तोंडही पाहिलेलं नाही,” बाई म्हणाल्या.

“मग पाहा आणि सही करा. चार वाजता चौकशी अधिकारी येताहेत. आणि एक वाजता मी सर्व्हर रिस्टार्ट करणार. तुमचं काम झालेलं असो नाहीतर नसो.”

“नोंद म्हणजे नक्की काय लिहिलं जातं?”

“बॉयलरचं सगळं. दर सेकंदाचा दाब, उष्णता, कुठला अलार्म वाजला, कुणी कुठलं बटण दाबलं. दर महिन्याची एक फाइल. मागच्या सगळ्या झिप करून ठेवलेल्या आहेत, या महिन्याची नाही.”

“पूर्ण महिन्याची नाही?”

“नाही म्हटलं ना! कितीदा सांगू?”

बाईंनी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. “साहेब, डिस्क भरली की नवी ओळ लिहिली जात नाही. पण शनिवारच्या आधीच्या ओळी कुठे गेल्या? त्या तर लिहून झाल्या होत्या.”

साहेबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांना उत्तर माहीत नव्हतं, आणि त्याचाच त्यांना राग आला होता.

२

सर्व्हरच्या खोलीकडे बाईंना मास्तर घेऊन गेले. मास्तर म्हणजे शिफ्ट-इंचार्ज. कारखान्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच काम शिकवलेलं, म्हणून हे नाव. गेलेला बॉयलरवाला त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता.

“एकोणीस वर्षं बरोबर होता माझ्या,” ते चालता चालता म्हणाले. “पण चूक ती चूकच. अलार्म वाजत होता आणि हा गेला भटकायला.”

“कशावरून?”

“मेला तेव्हा जागेवर नव्हता. टेबल सोडून नळ्यांमध्ये सापडला. आणखी काय पुरावा पाहिजे?”

“आणि नोंद? ती कुणी घालवली असेल?”

मास्तर थांबले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, “तुम्ही बाहेरच्या, म्हणून सांगतो. सिस्टिमवाल्याला पकडा. सोमवारी संध्याकाळी साहेबांनी फोनवरूनच त्याला हाकलला. मेलेल्याचा सख्खा मेहुणा आहे तो, बायकोचा भाऊ. अलार्मचे मेसेज त्याच्याच सिस्टिममधून जातात. मेसेज गेले नसतील, म्हणून पुसून टाकलं असेल. बहीणसुद्धा त्याच्याशी बोलत नाही आता. उगाच का?”

खोली लहान होती, पंख्यांच्या आवाजाने भरलेली. मॉनिटरच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत पासवर्ड लिहिला होता. बाईंनी तो टाकला, डिस्कची स्थिती विचारली. दोनशे जीबीची डिस्क, शंभर टक्के भरलेली.

मास्तर त्यांच्या खांद्यावरून वाकले.

“अजून भरलेलीच?”

बाईंनी खुर्ची वळवली. “अजून म्हणजे?”

“म्हणजे...” मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “शनिवारपासून भरलीय ना. मला वाटलं, तुम्ही आल्या आल्या मोकळी केली असेल.”

“मी आत्ताच बसले. तुमच्या समोर.”

“तेही खरंच,” मास्तर म्हणाले आणि निघून गेले. दार मात्र त्यांनी जरा जोरातच लावलं.

३

सिस्टिमवाला फाटकासमोरच्या फुटपाथवर बसला होता. मांडीवर बॅग, दाढी चार दिवसांची. आत यायला त्याला बंदी होती, पण तो रोज येऊन बसत होता. फाटकाच्या आतल्या बाकावर त्याची बहीण होती. नवऱ्याची चूक मान्य असल्याच्या कागदावर सही करायला ऑफिसने तिला बोलावलं होतं. हातात दिवसभराचा पास. दोघांमध्ये फक्त फाटकाचे गज होते आणि दोघंही दोन दिशांना बघत होते.

बाई बाहेर निघाल्या तशी ती म्हणाली, “त्याच्याशी बोलायला चाललात? मग माझ्याशी एक अक्षरही बोलू नका.”

“का?”

“स्वतःच्या दाजींचं शेवटचं पुसून टाकलं त्यानं. नोकरीसाठी! मास्तर भावोजींनी सगळं सांगितलंय मला.”

भाऊ गजांपलीकडून ओरडला, “ताई, एकदा तरी मला विचार ना!”

“तुझं तोंड बघायचं नाहीये मला.”

बाई फुटपाथवर त्याच्या शेजारी बसल्या. लाघवीपणे बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “तू पुसलीस?”

“तुम्हीपण सुरू करा,” तो म्हणाला. “या, सगळे मिळून हाणा.”

“डिस्क शनिवारी भरली होती का?”

“खोटं आहे. सोमवारी सकाळी ब्याण्णव टक्के होती, मी स्वतः पाहिलीय. नवीन डिस्क द्या म्हणून साहेबांना तीन मेल टाकलेत. रोज चार-पाच जीबी वाढते. हिशोबाने गुरुवारी भरणार होती, आणि गुरुवारीच भरली म्हणे.”

“साहेब सोमवारी कुठे होते?”

“परगावी. मंगळवारी दुपारी आले. सर्व्हर उघडायचा कसा, हेही त्यांना माहीत नाही. चिठ्ठी दाखवली तरी जमणार नाही.”

“पासवर्ड आणखी कुणाकुणाला माहीत आहे?”

“कुणाला माहीत नाही ते विचारा! काढा ती चिठ्ठी म्हणून किती भांडलो. शिफ्टच्या लोकांना रोजचा रिपोर्ट काढावा लागतो म्हणे.” त्याने फाटकाकडे पाहिलं. बहीण पाठ फिरवून बसली होती. “आणि हे बघा बाई, मी ती फाइल पुसली असती ना, तर तुम्हाला बोलवायची वेळच आली नसती.”

बाई उठल्या. रस्ता ओलांडून फाटकापर्यंत आल्या आणि मधेच थबकल्या. त्या पोराने रागाच्या भरात जे म्हटलं होतं ते त्याच्या स्वतःच्या नीट लक्षात आलं नसावं. पण ते शंभर टक्के खरं होतं.

त्या जवळजवळ धावतच आत गेल्या. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

४

आधी त्यांनी साधे संशय काढून टाकले. डिस्क आजारी आहे का? नाही, एकही खराब जागा नव्हती. फाइलींची संख्या संपली का? सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीत कधी कधी जागा असते, पण फाइलींचे क्रमांक संपतात आणि मशीन ‘जागा नाही’ म्हणून ओरडतं. तसंही नव्हतं, क्रमांक लाखांनी शिल्लक होते.

मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. डिस्कला विचारलं, किती भरली आहेस? उत्तर आलं, दोनशे. फोल्डरांना विचारलं, तुमच्यातल्या फाइली मिळून किती होतात? बेरीज यायला आठ मिनिटं लागली. एकशेवीस.

ऐंशी जीबी डिस्कवर होते, पण कुठल्याच फोल्डरमध्ये दिसत नव्हते.

बाईंनी चालू प्रोग्रामांनी कुठल्या कुठल्या फाइली उघडून ठेवल्या आहेत त्याची यादी मागवली. यादी लांबलचक होती. मधेच नोंद करणारा प्रोग्राम दिसला. दोनशे सतरा दिवस अखंड चालू. त्याच्या हातात एक फाइल होती, या महिन्याची, ऐंशी जीबीची. आणि नावापुढे शेरा: ‘डिलीटेड’.

फाइल पुसली म्हणजे फक्त तिचं नाव यादीतून गेलं. एखादा प्रोग्राम ती उघडून बसलेला असेल, तर लिनक्स तिची जागा मोकळी करत नाही. नोंद करणारा प्रोग्राम सोमवारपासून त्या निनावी फाइलमध्ये इमानेइतबारे लिहीत होता, थेट गुरुवारी डिस्क भरेपर्यंत. सोमवारची सकाळ तिच्यात जशीच्या तशी होती. पण प्रोग्राम ज्या क्षणी थांबेल, त्या क्षणी ती कायमची जाणार होती.

रिस्टार्ट म्हणजे नेमकं तेच.

बारा वाजून छत्तीस. फाइल दुसरीकडे उतरवून घ्यायला हवी होती. सर्व्हरमधल्या दुसऱ्या छोट्या डिस्कवर जेमतेम नऊ जीबी जागा होती. बाहेरची इंटरनेटची लाइन साहेबांनी मंगळवारीच तोडायला लावलेली. आणि त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डिस्क रखवालदाराच्या खणात बंद.

५

“काय पाहिजे परत?” बाई समोर उभ्या राहिल्या तेव्हा बाकावरची बहीण म्हणाली.

“तुमच्या नवऱ्याची सोमवारची नोंद गेलेली नाही. अजून आत आहे. एक वाजेपर्यंत.”

तिने बाईंकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, “खोटं बोलत असाल तर बघा.”

“मला एक रिकामी डिस्क हवी. तुमच्या भावाच्या बॅगेत असणार, या धंद्यातल्या माणसाच्या बॅगेत असतेच. त्याला आत सोडत नाहीत, माझी झडती घेतात. पास फक्त तुमच्याकडे आहे.”

“त्याच्याकडे मागू? मी?”

“मागू नका. फक्त हात पुढे करा.”

ती उठली. गजांजवळ गेली. भाऊ धडपडत उभा राहिला. त्याला काही बोलायचं होतं, पण तिने हात पुढे केलेला पाहून त्याने मुकाट्याने बॅग उघडली. काळी चपटी डिस्क गजांमधून आत आली आणि तिच्या पिशवीत गेली. रखवालदाराने पाहिलं. तो खुर्चीवरून अर्धा उठला. तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, “घे झडती. घाल हात.” तो परत बसला.

बारा वाजून बावन्न मिनिटांनी कॉपी सुरू झाली. स्क्रीनवर अंदाज आला, चौदा मिनिटं.

एकच्या ठोक्याला साहेब आले. मागे मास्तर.

“उठा तिथून.”

“सहा मिनिटं थांबा.”

“थांबा? माझे रंगाचे चार घाणे अर्धवट पडलेत! तुम्हाला एरर घालवायला आणलं, सकाळपासून तुम्ही फुटपाथवर गप्पा मारताय. आणि ही डिस्क आत आणली कुणी?” त्यांचा आवाज पंख्यांच्या वर चढला. “मास्तर, बटण दाबा.”

मास्तर पुढे झाले. सर्व्हर दाराच्या बाजूच्या कपाटात होता. पण त्या कपाटापुढे, त्याच्या दाराला पाठ लावून, डिस्क घेऊन आत आलेली बहीण जमिनीवर बसली होती.

“वहिनी, बाजूला व्हा,” मास्तर म्हणाले. “तुम्हाला यातलं कळत नाही.”

“नाहीच कळत. या बाई म्हणतात त्यांचं शेवटचं यात आहे. बटण दाबायचं तर मला ओलांडून जा भावोजी.”

“तुमचं डोकं फिरवलंय हिने. साहेब, ही बाई त्या पोराशी मिळालेली आहे, मी सकाळीच ओळखलं होतं.” मास्तर तिच्या डोक्यावरून हात घालून कपाटाच्या कडीपर्यंत पोचले. तिने त्यांचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. एकोणीस वर्षांच्या ओळखीत तिने त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

“सोडा! साहेब, सांगा हिला!”

 साहेब मास्तरांच्या कपाळाकडे पाहत होते. इतक्या गार खोलीत त्यांना दरदरून घाम फुटला होता.

“झाली,” बाई म्हणाल्या. “आता खुशाल दाबा.”

बटण कुणीच दाबलं नाही.

६

“ही फाइल सोमवारी, अपघातानंतर चाळीस मिनिटांनी पुसली गेली,” बाईंनी सांगितलं. “ज्या फोल्डरमध्ये ती होती, त्यात शेवटचा बदल दहा वीसचा आहे. म्हणजे डिस्क शनिवारी भरली होती ही थाप. भरलेल्या डिस्कवर ही फाइल गुरुवारपर्यंत वाढलीच नसती.”

“मग मी काय म्हणत होतो?” मास्तर म्हणाले. “सिस्टिमवाल्यानंच!”

“त्यानं पुसली असती तर आधी प्रोग्राम थांबवला असता. पुसलेली फाइल प्रोग्रामच्या हातात जिवंत राहते हे या कामातल्या नवशिक्यालाही ठाऊक असतं. पुसणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, फाइल गेली, आता ऐंशी जीबी मोकळे झाले, ही एरर दुसऱ्याच कशाची असेल. साहेबांना विचारलं तर म्हणाले डिस्क भरलीय. त्या पोराला विचारलं तर म्हणाला भरणारच होती. डिस्क भरल्याचं आश्चर्य इथे एकाच माणसाला वाटलं. ‘अजून भरलेलीच?’ असं कोण म्हणालं, मास्तर?”

“शब्दाचा कीस काढताय तुम्ही!”

“नुसत्या शब्दावर मी कुणाला धरत नाही. वाचू या?”

त्यांनी सोमवार उघडला. आकड्यांच्या रांगा वर सरकत गेल्या आणि नऊ वाजता थांबल्या. नऊ वाजून दोन मिनिटांनी दाबाचा अलार्म. त्याच मिनिटाला बॉयलरच्या टेबलावरून ‘थांबवू द्या’ अशी विनंती. या कारखान्यात बॉयलर थांबवायला शिफ्ट-इंचार्जची मंजुरी लागत असे. शिफ्ट-इंचार्जच्या टेबलावरून उत्तर, ‘चालू ठेवा’. नऊ चौदा, पुन्हा विनंती. ‘चालू ठेवा’. नऊ सत्तावीस, तिसरी विनंती. उत्तर तेच.

“तिन्ही वेळा?” जमिनीवरून तिने विचारलं.

मास्तर साहेबांकडे वळले. आता त्यांच्या बोलण्यात पोलादासारखी धार होती. “सांगा ना साहेब! आदल्या दिवशी फोन कुणाचा होता? काही झालं तरी बॉयलर थांबता कामा नये, कुणी म्हणालं?”

“मी काळजी घ्या असंही म्हणालो होतो,” साहेब ताडकन म्हणाले. “आणि फाइल पुसा असं नव्हतं म्हटलं. भरलेल्या डिस्कची गोष्टही तुम्हीच मला सांगितलीत, काल. मी मूर्खासारखा कागद टाइप केला.”

“पोरीचं लग्न व्हायचंय माझ्या...”

“भावोजी,” ती म्हणाली. ओरडली नाही. “परवा तुम्ही आमच्या घरी येऊन माझ्या सासूच्या पाया पडलात. त्यांना सांगितलंत, तुमच्या मुलाचं लक्ष नव्हतं. का सांगितलंत? गप्प बसला असतात तरी चाललं असतं.”

 मास्तर खोलीबाहेर गेले आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसले. चार वाजता चौकशी अधिकारी आले तेव्हाही ते तिथेच होते. अधिकाऱ्यांनी कॉपीची डिस्क सील केली, सर्व्हर तसाच चालू ठेवायला लावला, आणि आधी मास्तरांचा, मग साहेबांचा जबाब घेतला. साहेबांची गाडी त्या दिवशी फाटकातून बाहेर गेली नाही. रखवालदाराने सिस्टिमवाल्याला आत घेतलं, तेही तोंडातल्या तोंडात पुटपुटत.

तो सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत यायची हिंमत होत नव्हती.

“नऊ सत्तावीसनंतर ते टेबल सोडून गेले,” तिने बाईंना विचारलं. “मास्तर म्हणाले ते तेवढं खरं ना? कुठे गेले मग?”

“ते मला नाही सांगता येणार. कुठला आकडा कुठल्या यंत्राचा, मला माहीत नाही.”

“मला माहीत आहे,” भाऊ दारातून म्हणाला.

ती त्याच्याकडे न बघता सरकली. शेजारी एका माणसापुरती जागा झाली. तो येऊन बसला, स्क्रीनवरच्या सतराव्या रकान्यावर त्याने बोट ठेवलं. 

“हा हातानं फिरवायचा व्हॉल्व्ह. रंगाईच्या शेडकडे वाफ जाते ना, त्या नळीवरचा. चढलेल्या दाबाची वाफ तिकडेच चालली होती. तिथे अकरा बायका कामाला होत्या. मंजुरी लागत नाही असं हे एकच चाक आहे कारखान्यात. पण ते नळ्यांच्या मध्ये आहे, तिथे जावं लागतं.”

“वाच.”

“ताई, नको.”

“वाच म्हणते ना.”

“नऊ छत्तीस. शंभर टक्के उघडा. मग ब्याऐंशी. एकसष्ट.” त्याने स्क्रीनवरून नजर काढली.  तिने भावाचा हात बाजूला केला, रकान्यावर स्वतःचं बोट ठेवलं आणि एकेक ओळ खाली उतरत ती स्वतःच वाचू लागली.

“सदतीस. चौदा. पाच.” नऊ एकोणचाळीसपाशी बोट थांबलं. “शून्य. शून्य म्हणजे रे काय?”

“पूर्ण बंद झाला, ताई. नळी फुटायच्या एक मिनिट आधी.”

तिने मान हलवली आणि बोट तिथेच ठेवलं.